एबीसीला शिरोरेषा कशाला?

गणपती जवळ आले की ई-मेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर फ्लायर यायला लागतात. मागोमाग दसरा, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा, महाराष्ट्र दिन. एखाद्या रविवारी दुपारी वेळ काढून वर्षभराचे हे फ्लायर एकाशेजारी एक लावून बघा. गावं वेगळी, मंडळं वेगळी, कमिट्या तर दरवर्षी वेगळ्या. पण मथळ्याचं अक्षर बहुतेक ठिकाणी एकच! लिपी रोमन, आणि तिच्या डोक्यावर देवनागरीसारखी आडवी रेघ. 'ए'च्या टाळूवर रेघ, 'ओ' बिचारा रेघेला लोंबकळलेला, आणि 'टी'ला जन्मतःच रेघ असल्यामुळे तोच काय तो सुखी.

या फॉन्टचं नाव समरकन. टिटिव्हिलस नावाच्या फाउंड्रीने तो काढला. (फॉन्ट बनवणाऱ्यांना आजही फाउंड्री म्हणतात, कारण पूर्वी तिथे खरोखरच शिसं वितळवून खिळे पाडत असत.) नाव उझबेकिस्तानातल्या समरकंदची आठवण करून देणारं, सोंग देवनागरीचं आणि मजकूर इंग्रजी! हायवेलगतच्या करी हाउसच्या पाटीवर, योगा स्टुडिओच्या काचेवर, बॉलीवूड एरोबिक्सच्या पत्रकावर हेच किंवा याच्या जातकुळीतलं अक्षर दिसतं. तिथे त्याचं काम काय, तेही उघड आहे. ज्याला भारतातली एकही लिपी वाचता येत नाही, अशा गिऱ्हाइकाला लांबूनच 'इथे काहीतरी इंडियन आहे' असं सांगायचं. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखून पाटी रंगवली तर माझी काही तक्रार नाही. त्याचा धंदा आहे.

माझा प्रश्न आपल्याला आहे. मंडळाचा फ्लायर कोणाला जातो? जोशी, पाटील, शिंदे, कांबळे, डिसूझा यांना. यांतल्या बहुतेकांना अस्सल देवनागरी वाचता येते. मग हे सोंग कोणासाठी? मराठी माणसाने मराठी माणसाला मराठी सणाचं आमंत्रण द्यायचं, आणि अक्षर मात्र परक्याने आपल्याकडे बघून काढलेल्या नकलेचं वापरायचं! घरच्या लग्नात हॅलोविनच्या दुकानातला 'महाराजा कॉस्च्यूम' घालून मांडवात उभं राहण्यासारखं आहे हे.

कोणी म्हणेल, एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं? अक्षर ते अक्षर. निरोप पोचला म्हणजे झालं. तर या देशात आपल्या आधी आलेल्यांचा अनुभव बघा. चिनी रेस्टॉरंटांच्या पाट्यांवर ब्रशाच्या फटकाऱ्यांसारखी टोकदार इंग्रजी अक्षरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या जातीचा एक जुना टाइप १८८३ मध्ये क्लीव्हलंड टाइप फाउंड्रीने पेटंट केला. त्या वेळी त्याचं नाव नुसतं 'चायनीज' होतं. पुढे तो 'मँडरिन' म्हणून ओळखला गेला. ओहायोत बनलेलं ते अक्षर चिनी लोकांनीही आपल्या पाट्यांवर लावलं, कारण गिऱ्हाईक त्याच अक्षराला ओळखत होतं. पुढे २००२ मध्ये ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीने चिनी लाँड्रीवाल्यांची टिंगल करणारे टी-शर्ट काढले, तेव्हा टिंगलीला हेच अक्षर हाताशी तयार होतं. आशियाई विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि कंपनीला ते शर्ट मागे घ्यावे लागले. निव्वळ सजावटीचं म्हणून घेतलेलं अक्षर सव्वाशे वर्षांत कुठे जाऊन पोचलं ते लक्षात घ्या. समरकनवर असली वेळ अजून आलेली नाही हे खरं. पण येईपर्यंत आपणच त्याची जाहिरात का करत राहायची?

आणि 'इंडियन' म्हणजे तरी काय हो? गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. तमिळला नाही, मल्याळमला नाही. म्हणजे आख्ख्या देशाचं सोंग घ्यायला उसनी आणलेली रेघ ती आपलीच. आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून तर आधी पानभर रेघा ओढून घेत आणि मग त्यांना अक्षरं टांगत. ज्या रेघेवर दप्तरंच्या दप्तरं लिहिली गेली, ती आता 'दिवाली नाइट' या इंग्रजी शब्दांवर झालर म्हणून लावायची!

मोठ्यांचं एक वेळ सोडून द्या. मी रविवारी सकाळी मराठी शाळेत दुसऱ्या इयत्तेला शिकवतो. वर्गात नऊ मुलं आहेत, सगळी इथे जन्मलेली. एकदा सहज म्हणून त्यांना मंडळाच्या कार्यक्रमाचा फ्लायर दाखवला आणि यातली ओळखीची अक्षरं शोधा म्हणालो. मुलं प्रामाणिक. त्यांनी रेघ बघितली आणि ती वाक्यभर 'र', 'ग', 'म' शोधू लागली. एक मुलगी शेवटी वैतागून म्हणाली, "काका, हे मराठी नाहीये. पण मग त्याला रेघ का आहे?" मी तिला काय उत्तर देणार? वर्षभर आपण घसा कोरडा करून सांगतो की रेघेखाली जे असतं ते वाचायचं असतं, त्याला उच्चार असतो, अर्थ असतो. आणि मंडळच त्यांना दाखवतं की नाही, रेघ ही नुसती शोभेची आहे. आठवड्यातून दीड तास शाळा. त्याबाहेर या मुलांना मोठ्या आकारातली मराठी अक्षरं दिसणार कुठे? एसटीच्या पाट्या नाहीत, नाक्यावरचे बोर्ड नाहीत, किराणा दुकानाचं शटर नाही. असतील तर मंडळाचा बॅनर, टी-शर्ट, स्टेजवरची पाटी आणि ही स्मरणिका. तेवढीही जागा आपण समरकनला देऊन टाकली आहे.

तिकडे महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली की पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. त्या कायद्याबद्दल कोणाचं काहीही मत असो. पण अक्षर किती मोठं काढायचं यावर तिथे कोर्टात भांडण चालतं, आणि इथे कोणाचीही सक्ती नसताना आपण आपलं नाव कोपऱ्यात बारा पॉइंटमध्ये टाकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा अभिनंदनाचा एक फ्लायर माझ्याकडे आला होता. मंडळाचं नाव सांगत नाही. मथळा समरकनमध्ये होता.

तर मग लावायचं काय? देवनागरीला मोठ्या, ठसठशीत, नटव्या अक्षरांची परंपराच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कमल शेडगे यांचं काम आठवावं. २०२० मध्ये ते गेले. 'महाराष्ट्र टाइम्स'चं शीर्षक त्यांच्या हातचं. नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात काळ्या-पांढऱ्या दोन कॉलमांत यायच्या, त्यात 'रायगडाला जेव्हा जाग येते' किंवा 'रणांगण' ही अक्षरं वाचायच्या आधी दिसायची, आणि दिसताक्षणीच नाटकाचा बाज कळायचा. रोमन लिपीत मोठ्याने बोलायचं तर कॅपिटल अक्षरं असतात. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, आणि तिरप्या अक्षरांचीही जुनी सवय नाही. आपल्याला आवाज चढवायचा तर अक्षराची जाडी, आकार आणि वळण यांतूनच चढवावा लागतो. म्हणून ठळक, सजावटीच्या अक्षराची गरज इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त आहे, आणि शेडग्यांपासून गल्लीतल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरपर्यंत सगळ्यांनी ती हाताने भागवली.

अमेरिका आणि देवनागरी यांचं नातंही आपण एच-वन व्हिसावर आलो तेव्हा सुरू झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी मुंबईत छापखाना काढला. तिथे १८३०च्या दशकात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक ठसे कापले. जावजी दादाजी पोरवयात याच छापखान्यात कामाला होते. पुढे त्यांनी निर्णयसागर काढला आणि मराठी-संस्कृत छपाईत देखणेपणाचं माप घालून दिलं. शंभर वर्षांनी, १९३३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये राहणारे हरी गोविल यांच्या साहाय्याने मर्गेन्थालर कंपनीने देवनागरीचं लायनोटाइप यंत्र आणलं. म्हणजे आपली लिपी इथे नव्वद वर्षांपूर्वी यंत्रावर चढली होती, आणि आपण २०२०च्या दशकात विचारतो, "मराठीत टाइप कसं करणार?"

हे शेडग्यांचं काम हाताचं होतं, दरवेळी नवं. मंडळाच्या कमिटीत कोणी शेडगे नसतो. असते ती रात्री अकरा वाजता मुलांना झोपवून लॅपटॉप उघडणारी सेक्रेटरी. तिला फॉन्टच हवा. आणि गंमत अशी की आता तो आहे, चांगला आहे आणि फुकट आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटातल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला 'मोदक'. गूगल फॉन्ट्सवरून कोणीही उतरवून घ्यावा, पत्रकावर, शर्टावर, पाटीवर छापावा. परवाना मुक्त आहे. देवनागरी अक्षर जास्तीत जास्त किती गुबगुबीत करता येईल याचा तो प्रयोग. सारणाने टम्म भरल्यासारखं अक्षर! अक्षराच्या पोटातली पोकळी, दोन रेषांमधली मोकळी जागा, सगळी आकसून तिथे फक्त एक बारीकशी पांढरी चीर उरते, आणि तेवढ्या चिरेवर 'भ' हा 'भ' आणि 'म' हा 'म' असा ओळखू येतो.

हे दिसतं तितकं सोपं नाही. रोमन अक्षर जाड करायला फारशी अडचण येत नाही; सव्वीस आणि सव्वीस बावन्न आकार, वर आकडे आणि विरामचिन्हं. देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात. आपलंच नाव घ्या. 'महाराष्ट्र' या शब्दात शेवटी 'ष्ट्र' आहे, तीन व्यंजनं एकाच ठिकाणी. साधा ठळक फॉन्ट आणखी जाड केला की तिथे शाईचा डाग पडतो. मोदकात तिथेही चिरा जागच्या जागी आहेत. हे कोणीतरी अक्षरागणिक बसून केलं आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्या माणसाने केलं आहे. समरकन आणि मोदक यांत माझ्या लेखी हाच फरक आहे. नटवे दोघेही, पण मोदक वाचता येतो, आणि वाचला तर मराठी निघतो.

आता मोदक मिळाला म्हणून तो सगळीकडे वाढू नका. मोदक जेवणात असतात, जेवण मोदकांचं नसतं. दोन-तीन शब्द, मोठा आकार, लांबून वाचायचं, मूड आनंदाचा, अशा जागी तो शोभतो. 'गणेशोत्सव', 'बालजत्रा', 'खाद्यजत्रा', ढोल-ताशा पथकाचा टी-शर्ट, मराठी शाळेची पाटी. पॅरेग्राफभर मजकूर त्यात लावलात तर वाचणाऱ्याला चौथ्या ओळीत धाप लागेल. एका स्मरणिकेत मी श्रद्धांजलीचं पान मोदकात पाहिलं. गेलेल्या माणसाचं नाव लाडवासारखं गरगरीत! संपादकाचा हेतू वाईट नव्हता. 'मराठी फॉन्ट' म्हणून एकच लोड केला होता, तोच सगळीकडे लागला.

तेव्हा दोन-तीन फॉन्ट घरात असू द्या. मजकुराला याच 'एक टाइप'चा 'मुक्ता' आहे, बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत. नाट्यसंगीताची मैफल असेल तर जाड-बारीक रेषांचा 'रोझा वन' बघा. मुंबईची आठवण हवी असेल तर 'यात्रा वन' आहे. लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो काढला आहे. 'श्रीखंड' नावाचाही एक झकास जाडजूड फॉन्ट आहे, पण नावाला भुलू नका. त्यात गुजराती आहे, रोमन आहे, देवनागरी नाही. श्रीखंड-पुरीच्या जुन्या वादात ही भर.

आणि कृपा करून 'मंगल'ला बॅनरवर चढवू नका. मंगल हा र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉन्ट, विंडोज २००० बरोबर आला. संगणकाच्या त्या वेळच्या पडद्यावर बारीक आकारात वाचता यावं हे त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. आपल्यातल्या कित्येकांनी पहिलं युनिकोड मराठी त्यातच वाचलं. जोशीसर स्वतः अक्षराशी मनसोक्त खेळणारे कवी आणि सुलेखनकार. २००८ मध्ये इथेच, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी पडद्यासाठी घडवलेलं अक्षर दहा फूट ताणून, वर सावली आणि सोनेरी कडा लावून टांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कडेवरून आठवलं. मोदकाला बाहेरून कड लावायची नाही. कड जाड होते तशी आतली चीर बुजते आणि राहतात फक्त काळे गोळे. मथळा बसत नाही म्हणून अक्षर आडवं दाबायचं नाही. शब्द कमी करा. इंग्रजी मथळ्यात दोन अक्षरांत अंतर टाकायची फॅशन आहे, ती देवनागरीत आणली की शिरोरेषा तुटते, आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमध्ये मात्र जागा जास्त सोडा, कारण आपल्याकडे वरच्या मजल्यावर मात्रा-वेलांट्या आणि तळघरात उकार राहतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिंटरला फाइल देताना अक्षरांची चित्रं करून, म्हणजे आउटलाइन करून, पीडीएफ द्या. एका मंडळाने दीडशे टी-शर्ट छापून घेतले, त्यावर 'ष्ट्र'चे तीन तुकडे झाले होते आणि वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली होती. प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये भारतीय लिपी जुळवण्याची सोय बंद होती, आणि छापणाऱ्याला वाचता येत नसल्यामुळे त्याला सगळं ठीकच दिसलं. त्याचा काय दोष? वाचता येणारा माणूस आपल्या बाजूला होता. प्रूफ बघायला हवं होतं ते त्याने.

हे सगळं कमिटीत बोललं की तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं, टायपिंग जमत नाही. आम्ही एमएस करायला आलो तेव्हा हे उत्तर चालण्यासारखं होतं. 'शिवाजी' फॉन्टमध्ये पत्र लिहायचं, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की त्याला इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा, मग 'बरहा' आलं, तेव्हा कुठे हायसं वाटलं. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे. आजोबा त्यावर रोज सकाळी सुप्रभात पाठवतात. दुसरं उत्तर, आमच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. बरोबर. आणि ती दिसलीच नाही तर येणारही नाही.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे. मुलांचे अमेरिकन मित्र येतात, तेलुगू शेजारी येतात, सुना-जावई अमराठी आहेत. त्यांना कळायला हवं. जरूर कळावं. त्यासाठी सरळ, स्वच्छ रोमन लिहा, डोक्यावर काही न टांगता. मोदकात रोमन अक्षरंही आहेत, देवनागरीइतकीच गुबगुबीत, पण आपापल्या पायांवर उभी. दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तर एका घरातल्या वाटतात, आणि कोणालाच दुसऱ्याचे कपडे घालावे लागत नाहीत. या वर्षीचा स्टेजवरचा बॅनर चार फूट उंच असेल, तर त्यातले अडीच फूट 'गणेशोत्सव'ला द्या, एक फूट त्याच्या खालच्या रोमनला, आणि उरलेल्या अर्ध्या फुटात प्रायोजकांचे लोगो बसवा. प्रायोजक कुरकुरतील. कुरकुरू द्या, आरतीनंतर त्यांना दोन मोदक जास्त वाढू.